ठोका चुकतोय

मंगळवारी पायांची ओपीडी.
कसब्यातल्या आमच्या दवाखान्यात
दाराशी चपलांचा ढीग पडतो,
चेहऱ्यांआधी माझी ओळख त्यांच्याशी होते.
एकीची टाच बाहेरच्या बाजूने झिजलेली,
एकीचा अंगठा तारेने बांधलेला,
आणि एक बूट, टोकदार, अजून करकरीत,
आत करंगळी चिरडतोय हे लग्नघरात कोण सांगणार.

"डोळे मिटा. दोरा लागला की हो म्हणा."

वडकेकाका, तांबट आळीचे,
दोरा लागायच्या आधीच हो म्हणतात.
मी थांबते. दोरा हवेतच.
"हो," पुन्हा,
पहिल्या बाकावरच्या पोरासारखे.
मग तळव्याला टेकवते, नायलॉन वाकेपर्यंत दाबते,
आणि काका गप्प.

मागच्या खेपेला चवड्यातून तांब्याची कपची निघाली,
भाताच्या तुसाएवढी. किती दिवसांची, कुणास ठाऊक.
"दुखली असती तर सांगितलं असतं की!"
पन्नास वर्षं घंगाळं याच पायांत धरून घडवली.
"पाय म्हणजे तांबटाचा तिसरा हात, सिस्टर."
साखरेने तो हात
न सांगता काढून नेला.

मी नेहमीचं म्हणते, न अडखळता:
रोज रात्री तळव्याखाली आरसा धरा,
दिसत नसेल तर सुनेला बघू द्या, लाजू नका.
बेचक्या कोरड्या पुसा. नखं सरळ कापा.
चप्पल घालण्याआधी झटका.
पाणी किती गरम ते कोपराला विचारा,
पाय आता खोटं बोलतो.
कुरुपाला ब्लेड लावलंत तर माझ्याशी गाठ आहे.

"आणि देवळात?"
मोजे घाला.
"जोगेश्वरी रागावेल."
तिला माझं नाव सांगा.

मध्येच तेजल कुदळे येते, एका पायावर उड्या मारत.
पोलीस भरती तीन आठवड्यांवर,
पर्वतीच्या उतरत्या पायऱ्यांवर घोटा मुरगळला,
आता वांग्याच्या रंगाचा.
आईने कढत तेलाने रात्रभर चोळला.
"चोळू नका हो, मावशी. पहिले दोन दिवस
फडक्यात गुंडाळून बर्फ, वर पट्टी, पाय उशीवर."
मावशी तेलकट हात पदरात लपवतात.
मला वाईट वाटतं;
रात्रभर जागून केलेल्या चुकीला
चूक म्हणणं सोपं नसतं.
"फोटो काढू, हाड तुटलेलं नसलं म्हणजे झालं."
"पळता येईल ना?" तेजल फक्त एवढंच विचारते,
आणि मी बॅन्डेजचं टोक शोधत राहते.

वडकेकाका अजून बाकावर. चप्पल घालतायत,
आधी झटकून. माझ्याकडे बघून, दाखवून झटकून.
मी ट्रे घेऊन त्यांच्यासमोरून जाते, येते.

"सिस्टर, ठोका चुकतोय."

"काय?"

"तुमचा. उजवा, मग डावा अर्धाच.
भांड्याला चीर असली की असाच आवाज येतो.
डावी टाच. सकाळी जास्त, ना?"

ट्रे खाली ठेवते.
सहा महिने झाले.
पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना
फरशीतून खिळा वर येतो,
दहा पावलांनी आपला आपण बोथट होतो,
आणि मी साडीची पिन लावते, डबा भरते, निघते.
बारा तास उभी. दुसऱ्यांचे पाय मांडीवर.

"डोळे मिटा," म्हणाले नाहीत काका.
नुसतेच म्हणाले, "बघता का कधी स्वतःचा?"

रात्री धनकवडीत, स्वयंपाकघराच्या भिंतीला
दोन्ही हात टेकून उभी राहते,
डावा पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीला,
पोटरी ताणते, तीस आकडे मोजते.
पेशंटना कागदावर काढून देते तेच चित्र.
पायात घरातली नवी चप्पल. सासूबाई बघतात.
"भिंत ढकलतेस का गं?"
"हो," मी म्हणते. एकोणीस. वीस.
फ्रीजरमध्ये पाण्याची बाटली गोठत असते,
तळव्याखाली फिरवायला.
एकवीस.
भिंतीपलीकडे शेजारचं भांडं पडतं.
चांगलं वाजतं. चीर नाही त्याला.