कोपऱ्यावरची जागा

तेलावीत द्राक्षं उतरली की नुगझारच्या अंगणात
लांबच लांब टेबल लागतं, जुन्या दारांच्या फळ्या जोडून,
आणि मी जाऊन बसते कोपऱ्यावर.
"ऊठ तिथून, नाझिब्रोला," लामारा मावशी ओरडते,
"कोपऱ्यावर बसलेलीला सात वर्षं नवरा मिळत नाही."

मी डावखुरी आहे, मावशी.
मध्ये बसले तर घासागणिक
कुणाच्या तरी सुपात माझं कोपर.
एवढंच कारण.
पण डाव्या हाताची पोर उजवायची राहिली
ही गोष्ट गावाला सुपापेक्षा चविष्ट लागते.

सहाव्या वर्षापासून बसतेय इथे.
सात-सातनं हिशेब मांडला
तर अजून अडीचशे वर्षं मी मोकळी.

तमादा उठतो. प्याले देवाच्या नावानं, देशाच्या,
मग गेलेल्यांच्या. माझ्या वडिलांसाठी मातीचा, लहानसा.
मग माझ्याकडे वळून, "आणि हिच्या येणाऱ्याच्या नावानं!"
शिंग भरून. सगळे उभे राहून.
जो जन्मालाही आला नसेल कदाचित
त्याला माझ्या बापापेक्षा जास्त वाइन.

"बेदाणा व्हायच्या आत खुडायला हवं होतं."
"फार निवडत बसली."
"म्हातारपणी पाण्याचा पेला कोण देणार?"
मी चीज तोडते, हसते.
दात चांगले आहेत माझे.

इस्पितळात मी एक्स-रे काढते.
या टेबलावरची निम्मी माणसं
माझ्यापुढे श्वास रोखून उभी राहिलीत.
मार्चमध्ये मावशी आली होती, खोकला म्हणून.
काळ्या फिल्मवर दोन फासळ्या
कधीतरी मोडून वाकड्या सांधलेल्या,
आणि गळ्याखालचं हाड.
"जिन्यावरून पडले होते," म्हणाली, "लग्नाच्या वर्षी."
तिच्या घराला जिना नाही.
मी लिहिलं : फुप्फुसं स्वच्छ.

आत्ता तिची नात, तिनीको, पळत येऊन
समोरच्या कोपऱ्यावर चढून बसते.
मावशी तिचा दंड धरते, "ऊठ, सात वर्षं..."
आणि तिची नजर माझ्यावर येते.
मी काही बोलत नाही. खरंच काही बोलत नाही.
डाव्या हातानं फक्त पावाचं ताट पुढे सरकवते.

"बरं, बस," ती पोरीला म्हणते,
"आज तिकडे जागा नाही."

टेबलाच्या मधोमध दोन खुर्च्या रिकाम्या.