बूच

येर्को, आधी शिडी धर. समुद्र नंतर बघ.
किन्चाओ बेटावर वाऱ्याला रविवार नसतो
आणि तुझा कामावरचा आज दुसराच दिवस.

ही पेटी, खांबाला उलटी टांगलेली घागर समज.
हिच्यातून बारा घरं बोलतात.
शाळेची हजेरी, दवाखान्याचे रिपोर्ट,
ओतिलियाबाईंचा पुंता अरेनासच्या मुलाशी
रोज रात्री नऊचा तोच तो वाद.
मंगळवारपासून सगळं मुकं.

केबल कधीही सरळ आत घुसवायची नाही.
दाराशी तिला एक झोळ द्यायचा,
कपडे वाळत घातले की दोरीला येतो तेवढा.
पाणी केबलच्या अंगावरून चालत येतं,
घाई नसते त्याला.
झोळाच्या तळाशी पोचलं की पुढे चढ,
आणि चढ दिसला की ते हात टेकतं, खाली पडतं.
पाणी आळशी आहे,
यावर आपलं पोट चालतं.

पॉलिशपेपर आडवा घास. उभा नाही!
उभी चर म्हणजे पाण्याला आपणच काढून दिलेला पाट.
मग स्पिरिट, आणि नंतर बोट लावायचं नाही.
हो, तुझंसुद्धा. सकाळी लोणी-पाव खाल्लायस तू.
आतली काच केसाएवढी,
निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी,
हा क्रम झोपेत विचारला तरी आला पाहिजे.
वळवताना चहाच्या कपाचा घेर धर.
त्याहून आवळलंस तर ती मोडणार नाही, ओरडणार नाही,
नुसता उजेड झिरपून जाईल बाहेर
आणि तू दोन दिवस शोधत बसशील.

आता कडं सोड. सावकाश.

अर्धा पेला पाणी.
तोंडं सहा. पाचांत केबल,
सहावं सताड उघडं.
कोण गाढव होता रे हा?
रिकाम्या भोकाला बूच घालायला काय जात होतं याचं?
जिथून आपलं काही जात नाही
तिथूनच बाकीचं सगळं आत येतं, हे लक्षात ठे—

थांब.
तो ट्रे इकडे दे.

सातच्या कंबरेला दोन आडव्या काड्या.
असा सात या बेटावर एकच बाई काढते.

अकरा वर्षं झाली. साडेपाचची शेवटची बोट,
पिशवीत एकही बूच शिल्लक नाही.
सहावं तोंड एर्मिंदो कार्कामोच्या घरासाठी राखलेलं.
सामनचे पैसे हातात आले की घेतो म्हणाला होता जोडणी.
पैसे आले, तो काल्बुकोला निघून गेला.
कुंपणाच्या तारेवर मेंढीची लोकर अडकली होती,
न धुतलेली, चिकट, तेलकट.
पीळ देऊन कोंबली भोकात.
उद्या येते, म्हणाले. खांबालाच म्हणाले.

हसू नकोस. अकरा पावसाळी हिवाळे
त्या लोकरीनं थेंब आत येऊ दिला नाही.
कंपनीचं रबर सातव्या वर्षी तडकतं.
मग गेली कुठे?

वर बघ, खांबाच्या फटीत.
चेर्कान. मुठीएवढा पक्षी,
आवाज मात्र भांडखोर शेजारणीचा.
काड्या, घोड्याचा केस, आणि मधोमध अंथरलेली
माझी लोकर.
चार चोची उघड्या.
नाही, हात लावायचा नाही तिला.
माझ्या खिशात आज बूच आहे.

घाल. अजून पिळ. अजून.
आता पंपानं हवा भर आणि साबणाचं पाणी फिरव.
कान नको लावू, डोळे लाव.
बुडबुडा आला तर पुन्हा पहिल्यापासून,
बोटीची वेळ झाली असली तरी.

ओतिलियाबाई खिडकीतून हात हलवतायत,
म्हणजे लागला फोन.
आज नऊच्या आधीच सुरू होईल वाद.

वहीत बिघाडाचं कारण काय लिहू, विचारतोस.
पक्षी?
नको, पेन माझ्याकडे दे.
तारीखही मीच घालते.
आज नेमकी सतरा.