पेन्सिलची वही

शुक्रवारी विमान यायचं.
एकाच पंख्याचं, खडखडत,
लेसोथोच्या डोंगरांना जेमतेम ओलांडून.
त्यातून उतरायच्या सर्जनबाई, भूल देणारा एक अबोल माणूस
आणि खोकाभर टाक्यांचे दोरे.
आम्ही सकाळपासून धावपट्टीवरच्या मेंढ्या हाकलायचो.

मार्चात, थंडी उतरायला लागली तेव्हा
विमान थांबलं.
मेंढ्यांना कुणी काही सांगितलं नाही.

माझं काम हत्यारं वाफेत शिजवायचं.
एकोणीस वर्षं.
अंधारात चिमटा हाती दिलात तरी
कोणाच्या पोटात तो वाकला होता, सांगेन.
थिएटरातलं ऑक्सिजनचं यंत्र वॉर्डात गेलं,
लांब व्हरांड्यातून, एक चाक कुरकुरत.
मागोमाग दिवे, नळ्या, हिरवे झगे,
लेक सासरी निघाल्यावर घर जसं रिकामं होतं तसं,
फक्त रडलं कोणी नाही, वेळ नव्हता.
टेबल तेवढं उरलं.
ते फरशीत रोवलेलं होतं म्हणून.
त्यावर मोलिएही सिस्टर ताडपत्री पसरून
वॉर्डासाठी नवे झगे बेतायची.

वहीत नावं पेन्सिलनं असतात.
ऑपरेशन झालं की मी ती शाईनं गिरवते.
सेखोन्याना, मेंढपाळ, जांघेत हर्निया : जूनमध्ये या.
खोडलं. सप्टेंबरमध्ये या.
खोडलं. कळवू.
लिनेओ, वय सहा, चुलीत भाजलेला उजवा हात,
बोटं तळव्याला चिकटलेली : कळवू.
थाकाने, गळ्याला गाठ : कळवू.
कळवू, कळवू, कळवू.
तीन पेन्सिली संपल्या त्या एका शब्दावर.

जुलैत बर्फ पडलं
आणि सेखोन्याना घोड्यावर आडवा बांधून आला,
दोन दिवसांची वाट, घोंगडीवर उलटीचे डाग,
जांघेतली गाठ काळीनिळी.
आमचा डॉक्टर सव्वीस वर्षांचा.
अकरा माणसं त्याच्या मागे वॉर्डात धापा टाकत होती.
यंत्र परत आणायचं, तर कुणाच्या नाकातून?
हा प्रश्न त्यानं मोठ्यानं विचारला.
मग स्वतःच म्हणाला, नको, सांगू नका.

पाठीत सुई दिली. यंत्राशिवाय केलं.
सर्जनबाई मासेरूहून फोनवर, फोन माझ्या हातात,
माझा हात त्याच्या कानाशी.
आता काय दिसतंय? त्या विचारत.
काळं, तो म्हणे.
कापा, त्या म्हणत. आवाज तुटायचा,
तेव्हा आम्ही तिघं थांबायचो,
सेखोन्यानाही, जागा असलेला, छताकडं बघत.
मध्येच त्यानं विचारलं, घोड्याला पाणी दिलंत का?

पोट सांधलं गेलं. नीट.
मी खुशीनं शाईची बाटली उघडली.
चौथ्या दिवशी त्याला खोकला लागला.
वॉर्ड एकच होता ना.

त्याचं नाव शाईत आहे.
ऑपरेशन झालं होतं. वहीचा नियम तेवढाच विचारतो.

चौदा महिन्यांनी पुन्हा मेंढ्या हाकलल्या.
मी फोन लावत बसले, त्रेसष्ट नावं.
काही नंबर दुसऱ्यांचे झाले होते.
एक बाई म्हणाली, गाठ आता माझीच झालीय, राहू दे.
थाकानेचा भाऊ बराच वेळ बोलला नाही,
मग म्हणाला, कळवायचं राहिलं.

लिनेओ आली. वय सात, वर्षभर उंच.
मी पेन्सिल दिली, नाव लिही म्हटलं.
तिनं डाव्या हातानं लिहिलं, झरझर,
शेवटच्या अक्षराला शेपूट काढून.
मग उजव्याकडं बघून विचारलं,
हा उघडलात तर ह्यालाही शिकवायला लागेल?

बाहेर विमानाचा पंखा अजून फिरत होता.
लागेल, म्हटलं.
ती विचार करत बसली.