नमुना क्रमांक अकरा

आधी एसी बंद. मग पंखा. मग दार.
आज हवेनं हलायचं नाही, हा पहिला नियम.
हिद्दच्या जुन्या गोदीमागं, कामगारांच्या ओस छावणीत
सकाळी सातलाच अडतीस अंश,
आणि मी कागदी सूट घालून, मास्कच्या दोन गुलाबी गाळण्यांतून
माझाच श्वास ऐकत उभा.

बाटलीत पाणी, पाण्यात दोन थेंब भांड्यांचा साबण.
पत्रा आधी भिजवायचा, कोरड्याला हात लावायचा नाही.
आई पोह्यांवर पाणी शिंपडते तसं,
हलक्या हातानं, फार नाही.
मग पटाशीचं टोक, अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा,
चिमट्यानं पिशवीत. पिशवी ओल्या फडक्यानं पुसून दुसऱ्या पिशवीत.
जिथून काढला तिथं करड्या टेपची पट्टी.
मोडल्या कडेला बारीक कुसळं दिसतात,
जुन्या गोणपाटाची दिसतात तशी.
दिसतात त्यांची भीती कमी.
न दिसणारी आत जातात,
आणि तीस-चाळीस वर्षं त्यांना कसलीच घाई नसते.

मोफिझुलला बाहेर थांब म्हटलं होतं.
तो बाहेरच होता, उंबऱ्याच्या एक वीत बाहेर.
सगळे गेल्यावर राखणीला ठेवलेला एकटा,
गाव नोआखालीकडचं, अकरा नंबरच्या खोलीत बावीस वर्षं.
खोलीत चौदा जण. वरची खाट त्याची.
"पत्रा इतका जवळ," त्यानं तळहात नाकासमोर धरला.
"गर्मीत ओला गमछा बांधायचो वर. खिळा मारून."
खिळा होता अजून. भोक वाढलेलं.
मी त्या भोकाच्या कडेचाच तुकडा घेतला.

"रिपोर्ट कधी येतो?"
पाच दिवसांत.
"मला पण येतो?"

मी फॉर्म पाहिला. पाहायची गरज नव्हती, तरी पाहिला.
नमुना कोणी घेतला, कोणी दिला, कोणी स्वीकारला, बिल कोणाला.
मालक, मालकाचा सल्लागार, सल्लागाराचा ठेकेदार.
खाली कोण झोपायचं,
अशी चौकट नाही.

मनामात कुरियरच्या काउंटरवर जोसलिन
खोकं काट्यावर ठेवते. सातशे चाळीस ग्रॅम, दुबई.
आत काय? बांधकामाचे नमुने.
किंमत?
शून्य लिहिलं तर संगणक पुढं जात नाही.
एक दिनार टाका, म्हणाली, सगळे तेच टाकतात.
एकोणीस खोल्या. एक दिनार.
पावती नीट ठेवा, म्हणाली.

शुक्रवारी देवरुखहून ताईचा व्हिडिओ कॉल.
पडवी होत आली बघ, तू पाठवलेल्या पैशांत.
सिमेंटचे पत्रे, बारा फुटी. दुकानदार म्हणाला गार राहतात.
तिनं फोन फिरवला.
सुतार वर बसून ड्रिलनं भोकं पाडतोय,
खाली भाचा, ओटीवर पडलेल्या भुकटीत
बोटानं स्वतःचं नाव लिहितोय.
"पाणी मारा," मी ओरडलो, "आधी पाणी मारा त्याच्यावर!"
"पत्र्याला कसलं पाणी?" ताई हसली. "झाड आहे का ते?"
मग आवाज तुटत राहिला. की मीच तुटक बोलत होतो.
त्याला आत घे, एवढं तिला ऐकू गेलं असावं.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला, सतरा पानांचा.
अकराव्या नमुन्याचं पान मी वेगळं छापलं
आणि ड्युटी संपल्यावर हिद्दला गेलो.
मोफिझुलनं ते उलटं धरलं, मग सुलटं.
"ह्यात आहे?"
आहे.
"हे कोणाला दाखवायचं?"

मी डॉक्टर म्हणालो. इथला की तिथला, ते नाही सांगितलं.
त्यानं पानाच्या चार घड्या केल्या,
खिशातून पिशवी काढली, घडी तिच्यात,
पिशवी शर्टाच्या बाहीनं पुसली,
आणि ती दुसऱ्या पिशवीत घातली.
त्या दिवशी दारात उभा राहून
त्यानं सगळं पाहिलं होतं.