दोरी

बाबा पहिल्यांदा धडपडले ते सातव्या वर्षी,
दुपारी तीनला.
सल्लाच्या बाजूला डिसेंबरात दुपारी तीनला रात्र असते.
घरच्यांना वाटलं, पोरगं वेंधळं आहे.

मग दोरी आली.
दारापासून सौनापर्यंत, सौनापासून गोठ्यापर्यंत,
छातीइतक्या उंचीवर ताणलेली.
बाबा वाढले तशी तीही वर चढत गेली.
तिशीत त्यांच्या नजरेच्या कडा गेल्या,
पन्नाशीत जग उरलं नळीएवढं:
नळीत कधी माझं नाक, कधी कॉफीचा कप,
दोन्ही एकदम कधीच नाही.

चर्चच्या जुन्या वहीत पाद्री लिहीत आलेत:
एर्क्की, आंधळा.
त्याचा भाचा, आंधळा.
त्या भाच्याचा भाचा, आंधळा.
मधल्या बायकांपुढे काही लिहिलेलं नाही.
बर्फाखालून ओढा जावा
तशा त्या वहीतून गेल्या.

रोव्हानिएमीच्या डॉक्टर वुओक्को यांनी
चौकोन काढले, गोल काढले.
काही चौकोन काळे केले.
माझ्या गोलात मधोमध एक ठिपका ठेवला,
पेन्सिल उचलली,
आणि गडद व्हावा म्हणून परत टेकवली.
म्हणाल्या, "तुझ्या वडिलांकडे एक्स एकच.
मुलाला ते वाय देतात, लेकीला एक्स.
लेकीला द्यायला त्यांच्याकडे दुसरा नाहीच."

म्हणजे वाटणी अशी झाली.
तेउवोला मिळाली रेनडियरच्या कानाची खूण
(डाव्याला दोन खाचा, उजव्याचं टोक छाटलेलं),
शंभरेक जनावरं,
आणि लख्ख डोळे.
मला आणि साइमाला ठिपका.
तेउवो अजून माझ्याशी बोलताना खाली बघतो,
जणू त्यानं काही ढापलंय.

दिवा टाकून डॉक्टरांनी माझ्याही डोळ्यात पाहिलं:
आत कसर लागलेल्या लोकरीसारखं,
इथे खाल्लेलं, तिथे शाबूत.
प्रत्येक पेशीत दोन एक्स, एक जागा, एक निजलेला.
कुठे बाबांचा जागा, कुठे आईचा.
कुणी जागायचं ते ठरलं
मी मोहरीएवढीही नव्हते तेव्हा.
आईला जाऊन नऊ वर्षं झाली.
म्हणजे मी जे पाहते
त्यातलं निम्मंअर्धं अजून तीच पाहते.
हे डॉक्टरांना सांगितलं नाही.
त्या म्हणाल्या असत्या, तसं नसतं ते.

इल्मो जन्मला तेव्हा सगळे म्हणाले,
मामाच्या वळणावर गेलाय.
मी म्हटलं, देव करो.

मागच्या हिवाळ्यात, उजेड निळा होत असताना,
त्याला अंगणातला लाल हातमोजा आणायला सांगितलं.
खिडकीतून मला दिसत होता, लाल.
इल्मो गेला, मोज्याच्या शेजारीच थांबला,
मग गुडघ्यांवर बसून
दोन्ही हातांनी बर्फ चाचपू लागला.
रडला नाही, हाक मारली नाही.
त्याला वाटत होतं, सगळे असंच शोधतात.

चाचणीचं पत्र त्यानंतर आलं.
बाबांना मी वाचून दाखवलं.
तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत,
स्वतःशीही नाहीत;
एरवी जनावरांशी बोलतात, तेही बंद.

चौथ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून जुनं वेटोळं काढलं
आणि आपल्या दोरीच्या खाली दुसरी बांधली.
उंची विचारली नाही.
इल्मोला उभं करून
त्याच्या छातीवर तळहात ठेवला, तेवढंच माप.

संध्याकाळी दोघे निघाले,
एकाचा हात वरच्या दोरीला, एकाचा खालच्या.
"सौनापर्यंत एक्केचाळीस पावलं," बाबा म्हणाले,
"पाठ करून ठेव."
काळोखात मोजणं ऐकू येत राहिलं.
मग बारीक आवाज:
"नाही आजोबा. सदुसष्ट."

बाबा थांबले.
मागे वळून दारापर्यंत आले.
आणि या वेळी,
एवढा दांडगा माणूस,
इवली इवली पावलं टाकत
एकपासून मोजू लागला.