बत्तीसची नळी

देवळाली कॅम्पात, लॅम रोडच्या आतल्या गल्लीत
जाल दारूवाला असं लिहिलेल्या फाटकावर
कुणीतरी खडूने विचारून गेलंय : थंडगार मिळेल का?
ते पुसत नाहीत.
म्हणतात, नाशकात दारू म्हटली की सगळ्यांना द्राक्षं आठवतात.
माझी कोरडी.

मी गांगुर्डे. सातपूरला टूलरूममध्ये डाय बसवते.
रविवारी फोन आला :
पोरी, प्रेस चालते, पण काडतूस खोटं बोलते.

बत्तीसवरून अडतीसवर आणली होती प्रेस, तीन वर्षांनी.
परवान्याची वही उघडी, तिच्यावर चष्म्याचं घर.
प्लेट बदललेली. मेखा बदललेल्या. डाय बदललेल्या,
लॉकरिंगवरच्या पेन्सिलीच्या जुन्या खुणा जुळवून.
रेंजवर चार बार नीट झाले,
पाचव्याला नुसतं पुक्.
ब्याऐंशी वर्षांचं बोट तिथंच थांबलं.
सिलिंडर उघडून रिकामं केलं, नळीतून गज घातला :
मध्यावर शिसं अडकलेलं.
लोक फुसका बार म्हणून हसतात.
सहावा ओढला असता तर
हसायला हात राहिला नसता.

मी आधी चुकीच्या जागी शोधलं, सांगून टाकते.
दोन तास प्लेटचा बोल्ट,
पाव फेरा सैल, पाव फेरा घट्ट.
मग दांड्याची पिन, मग स्प्रिंग.
मनातल्या मनात आधीच्या शिफ्टला शिव्या,
कारखान्याची सवय. इथे आधीची शिफ्ट
समोर बसून लिमलेटची गोळी चघळत होती.

मग तिसऱ्या घरापाशी दिसलं
शिशाचं एक बारीक कडं,
कापलेल्या नखासारखं.
गोळी आत जाताना सोलली जात होती.
म्हणजे कवचाचं तोंड उघडलेलंच नव्हतं,
आणि तोंड न उघडणाऱ्याला
वाढणार कोण?

दारू पडते ती नळी काढली. कडेला कोरलेलं : ३२.
सगळं बदललं, एवढी राहिली.
थोरल्याच्या सदऱ्यात धाकटा शिरावा
तशी शिरत होती अडतीसच्या कवचात,
कुठे टेकत नव्हती.
टेकल्याशिवाय वरची पट्टी सरकत नाही पुरती,
म्हणून माप कधी भरलेलं,
कधी अर्धं, कधी नुसतीच हवा.

मग अडतीसची कुठाय?
कवळीच्या डबीत पाहिलं. इन्सुलिनच्या खोक्यात.
सायकलच्या पंक्चरच्या पत्र्यात.
रोशन असती तर, म्हणाले, आणि
पुढचं वाक्य गोळीबरोबर गिळलं.
शेवटी शिवणयंत्राच्या खणात,
हुक, बटणं, मोडक्या सुया यांच्या खाली
ती मिळाली.
तिच्यावर निळा दोरा गुंडाळलेला.
घट्ट, एकाशेजारी एक, एकही वेढा चढलेला नाही.
टूलरूममध्ये इतकं सरळ कुणी गुंडाळत नाही.

मी कात्री पुढे केली. त्यांनी मान हलवली.
एका पेन्सिलीवर दोरा उतरवायला बसले,
थरथरत्या हाताने, वेढ्यावर वेढा.
माझा चहा संपला.
दुसरा मी स्वतः करून आणला.
शेजारच्या बंगल्यात कुणीतरी गालिचा झटकत होतं,
दोरा अजून निम्मा होता.

संध्याकाळी नळी बसवली.
कवचाचं तोंड केसभर फाकलं, गोळी नुसती टेकवताच उभी राहिली.
दहा मापं तराजूवर तोलली, दहाही सारखी.
आधीची त्रेचाळीस फोडायची होती.
हातोडीत एकेक अडकवून फरशीवर ठोकत बसलो,
गालिचेवाल्या बाईंनी विचारलं, बदाम का?
जालकाका म्हणाले, हो, कडू.
सांडलेली दारू त्यांनी गुलाबांच्या आळ्यात पसरून पाणी सोडलं.
खत आहे म्हणतात. असेल.

निघताना बत्तीसची नळी माझ्याच खिशात होती.
ही कुठे ठेवू?
त्यांनी जरा विचार केला
आणि शिवणयंत्राचा खण ओढला.