उतार

येऊरच्या वाटेवर, पाटोणपाडा मागे टाकल्यावर
करवंदीच्या जाळीआडून एकदम सात कमानी.
ग्रेसी परेरा म्हणाली, "अगं बाई, रोम!"
आणि गुडघ्यावर हात ठेवून तिथंच बसली.

फलकावर लिहिलंय : जलसेतू, रोमन धर्तीचा,
कुणा साहेबानं चिकूच्या बागेसाठी बांधलेला,
पडलेला, आणि आता पूर्ववत केलेला.
खाली खर्चाचा आकडा. त्यावर कुणीतरी
खिळ्यानं बदाम कोरून ठेवलाय.

दगड नवे आहेत हे लगेच कळतं.
जुने पाच-सहाच, पायाशी, शेवाळ धरलेले,
लग्नात कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलेल्या
लांबच्या काकांसारखे.
बाकी सगळे एका खाणीतले, एका यंत्रानं कापलेले,
नुकती दाढी केल्यासारखे.

माझे वडील महापालिकेत चावीवाले होते.
कोपरी, नौपाडा, शेवटी चरई.
पहाटे साडेतीनला लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचे,
रस्त्यातलं झाकण उचलून सोळा फेरे डावीकडे,
मग चावीच्या दांड्याला कान
आणि एक बोट वर : कुणी बोलायचं नाही.
कुणाच्याही नळाला यायच्या आधी
पाणी त्यांच्या चेहऱ्यावर यायचं.

घरात ते फरशीवर गोटी सोडून बघायचे.
गोटी जाईल तिकडे मोरी हवी, म्हणायचे.
आमची मोरी नेमकी उलट्या बाजूला.
आई जन्मभर खराट्यानं पाणी ढकलत राहिली
आणि बाबा गोटी सोडत राहिले.

तर मी डोंगराकडच्या टोकाला वर चढले.
चढू नये असं लिहिलं होतं.
पांढऱ्या केसांचा तेवढा तरी उपयोग.
पन्हळ दीड वीत रुंद, कोरडी,
तळाशी ऐनाची पानं, मुंग्यांची एक रांग
आणि गुटख्याची पुडी.
पिशवीतली बाटली काढली,
भातसेहून आमच्या टाकीत, टाकीतून फिल्टरात,
फिल्टरातून इथवर पाठीवर आलेलं पाणी
डोंगराच्या टोकाला ओतलं.

ते जरा थांबलं.
नव्या घरात पाहुणा थांबतो तसं.
मग वळलं, आणि माझ्याच बुटांकडे आलं.

"गेलं का गं?" ग्रेसीनं खालून विचारलं.
"आलं," मी म्हणाले.

शिट्टी वाजवत चौकीदार धावत आला.
खिशावर नाव : रूपजी वरठा.
"मॅडम, हे चालवायचं नाय, बघायचं हाय."
मग त्याला तो ओला ओघळ दिसला.
शिट्टी तोंडातून काढून तो उकिडवा बसला.
"मी सांगितलेलं त्या कंत्राटदाराला.
तो बोलला, फोटोत उतार दिसत नाय."

आम्ही दोघं थोडा वेळ काहीच बोललो नाही.
खाली घोडबंदरकडच्या इमारती,
त्यांच्या गच्च्यांवर काळ्या टाक्या, मोजता न येणाऱ्या.
रूपजी उठला. सावलीतली त्याची कॅन घेतली,
पाड्यातल्या बोअरिंगवर सकाळी भरलेली,
आणि दुसऱ्या टोकाला, शहराच्या टोकाला गेला.
तिथून हात हलवला. ओतलं.

मी आडवी झाले, दगडाला कान लावला.
दगड तापलेला. आधी नुसतं माझंच रक्त ऐकू आलं.
मग बारीक काहीतरी, तांदूळ निवडतात तसं.
पाणी येत होतं.
तिसरी कमान, चौथी,
मुंग्यांची रांग मोडत, पुडी पुढे लोटत,
शहराकडून डोंगराकडे,
कधी नव्हे ते, अर्धी कॅन.

"अगं, झोपलीस काय तिथं?" ग्रेसी ओरडली.
मी एक बोट वर केलं.

पाणी टोकावरून उतरलं, करवंदीच्या मुळाशी गेलं,
माती क्षणभर काळी, मग होती तशी.
रूपजीनं कॅनला झाकण लावलं. फलकाकडे बघितलं,
माझ्याकडे बघितलं, आणि शिट्टी
पुन्हा खिशात ठेवली.

परतीच्या वाटेवर प्यायला पाणी नव्हतं.
ग्रेसी गेटपर्यंत त्यावरून बोलत होती.